पेप्टाइडचा भार वाढवायचा की जलद्वेषी बाजू छाटायची?

जीवाणूंना मारेल पण आपल्या पेशींना धक्का लावणार नाही, असं पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) रचायला बसलात की दोन वाटा समोर येतात. एक, धनभार वाढवा. दुसरी, जलद्वेषी (पाण्यापासून दूर राहणारी) बाजू छाटा, म्हणजे तिचा जोर कमी करा. नवखे लोक बहुधा पहिली धरतात. माझं मत दुसरीला.

भाराचा युक्तिवाद कच्चा नाही. जीवाणूच्या पटलात (पेशीभोवतीच्या पातळ आवरणात) फॉस्फॅटिडिलग्लिसेरॉल, कार्डिओलिपिन असे ऋणभारित मेद उघड्यावर असतात. सस्तन पेशीच्या बाहेरच्या थरात मुख्यतः फॉस्फॅटिडिलकोलिन आणि स्फिंगोमायलिन, म्हणजे एकूण भार जवळपास शून्य. ऋणभारित फॉस्फॅटिडिलसेरिन आतल्या थरात दडलेलं, शिवाय कोलेस्टेरॉलमुळे पटल घट्ट. त्यामुळे लायसिन या धनभारित अमिनो आम्लाने भरलेलं पेप्टाइड जीवाणूकडेच ओढलं जाणार, हे सरळ आहे.

पण ओढलं जाणं वेगळं आणि घुसणं वेगळं. घुसायचं काम जलद्वेषी बाजू करते, आणि ती फार जोरदार असली तर तिला ऋणभाराची गरजच उरत नाही. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन बघा: 26 अमिनो आम्लं, धनभार बेडकाच्या कातडीतल्या मॅगेनिन-2 पेक्षा जास्तच. तरी तांबड्या पेशी फोडतं मेलिटिन. मॅगेनिन त्यांच्या वाटेला फारसं जात नाही. नुसत्या भारावर निवड होत असती तर हे उलट दिसलं असतं.

दुसऱ्या वाटेचं माझं आवडतं उदाहरण 26 अमिनो आम्लांच्याच एका सर्पिल (स्प्रिंगसारखा पीळ असलेल्या) पेप्टाइडचं. त्याच्या जलद्वेषी बाजूच्या ऐन मध्यावर, 13व्या जागी, व्हॅलिन हे जलद्वेषी अमिनो आम्ल होतं. तिथे लायसिन बसवलं. एवढ्या एका बदलाने तांबड्या पेशींचं फुटणं खूप घटलं, जीवाणूंवरचा मारा मात्र टिकला. पुढे याच पेप्टाइडचा भार चढवत नेला, तेव्हा +8 वरून +9 वर जाताना तांबड्या पेशी फोडण्याची ताकद 32 पटींहून जास्त वाढली. म्हणजे भाराचाही अतिरेक अंगाशी येतो.

तिसरी वाट म्हणजे मधेमधे काही डी-अमिनो आम्लं (नेहमीच्या अमिनो आम्लांची आरशातली रूपं) घालणं. सर्पिल मोडतं, पेशी वाचतात, वर प्रथिनं तोडणारी विकरंही सहज हात घालत नाहीत. चांगली आहे, पण महाग. आधी छाटणी करून बघा. लक्ष्य ग्रॅम-ऋण (बाहेर आणखी एक पटल असलेले) जीवाणू असतील तर भारात काटकसर नको: त्या बाहेरच्या पटलावरच्या लिपोपॉलिसॅकराइडला (मेद आणि शर्करा यांच्या ऋणभारित रेणूंना) बांधून ठेवणारे मॅग्नेशियम-कॅल्शियमचे आयन त्यानेच हटतात.

निवड आकड्यावर करणार असाल तर तो आकडा कुठून येतो तेही बघा. तांबड्या पेशी धुऊन खड्ड्यांच्या प्लेटमध्ये पेप्टाइडबरोबर ठेवायच्या, सेंट्रिफ्यूज करायचं, आणि वरचं पाणी किती लाल झालं ते ट्रायटन (सगळ्या पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ) घातलेल्या खड्ड्याशी ताडायचं. तिथे 1 टक्का पेशी घेतल्या तरी मिलिलिटरमागे सुमारे 10 कोटी होतात. जीवाणूंच्या चाचणीत जेमतेम 5 लाख. पेशीमागे पेप्टाइडचा वाटा इतका वेगळा असताना पेशी फोडायला आणि जीवाणू मारायला लागलेल्या पेप्टाइडच्या मात्रांचा भागाकार करून ‘निवडकता’ छापली जाते. माध्यमही एक नसतं. दोन रचनांपैकी एक निवडताना दोन्ही एकाच प्लेटवर, त्याच मिठाच्या प्रमाणात आणि रक्तद्रव घालून तपासा. परीक्षानळीत पुढे असलेली रचना तिथे मागे पडू शकते.