मुरगावला जहाज थांबणार असेल आणि दिवाडी बेटावर जायचं असेल तर आधी हे वाचा

ज्यांचं जहाज मुरगाव बंदरात दिवसभरासाठी थांबणार आहे, मग ते ट्रेनिंग शिप असो, रिसर्च व्हेसल असो नाहीतर क्रूझ, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. आम्हा सहा जणांना दिवाडी बेट दाखवतो म्हणून एका माणसाने पंधरा हजारांच्या वर लुबाडलं, आणि त्याची पद्धत इतकी ठरलेली होती की आमच्या आधी त्याने हेच कितीतरी जणांसोबत केलं असणार याबद्दल मला शंका नाही.

आमचा कोर्स समुद्रविज्ञानाचा. मुंबईहून निघून मुरगाव आणि मग कोची असा स्टडी व्हॉयेज होता, वाटेत पाण्याचे नमुने घ्यायचे, प्लँक्टनची जाळी ओढायची, सीटीडी म्हणजे पाण्याचा खारेपणा, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र टाकायचं वगैरे. मुरगावला डिझेल-पाणी भरायला थांबलो आणि शोअर लीव्ह म्हणजे जहाजावरून उतरून फिरायची सुट्टी मिळाली, संध्याकाळी पाचला सगळे बोर्डवर पाहिजेत अशी पाटी गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीवर लावलेली. सरांनीच सुचवलं होतं की वेळ मिळाला तर दिवाडी बघून या, मांडवीतलं बेट आहे, खाजन शेती बघायला मिळेल. खाजन म्हणजे खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवून केलेली शेती, मानस नावाची लाकडी दारं असतात, भरतीच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप बंद होतात आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. पुस्तकात वाचलेलं हे सगळं प्रत्यक्ष बघायचं होतं.

पोर्टच्या गेटबाहेर आलो तर गळ्यात लेसवाला बॅज घातलेला एक माणूस सरळ आमच्याकडेच आला. आमच्या जहाजाचं नाव घेतलं, पाच वाजता परत जायचंय हेही त्याला माहीत, आणि वर स्वच्छ मराठीत म्हणतो कसा, ‘तुम्ही आपलीच मुलं, महाराष्ट्रातली, तुम्हाला बाहेरचा रेट लावणार नाही.’ इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कुठल्या धक्क्याला कुठलं जहाज लागलंय ही माहिती बंदरं रोजच्या रोज त्यांच्या वेबसाइटवर टाकतात, ती कोणालाही बघता येते. तुमच्या जहाजाचं नाव माहीत असणारा माणूस पोर्टचाच असतो असं अजिबात नाही. पाचची वेळ तर त्याने आमच्यापैकीच कोणाच्यातरी गप्पांतून उचलली असणार, आम्ही गेटपर्यंत तेच बोलत आलो होतो.

पॅकेज असं होतं, माणशी अठराशे, त्यात गाडी, बोटीचं तिकीट, बेटावर गाइड, जेवण आणि ‘शिवाजी महाराजांनी बांधलेलं सप्तकोटेश्वराचं मंदिर’. अर्धे पैसे लगेच क्यूआर कोडवर, म्हणजे पाच हजार चारशे. कार्डावर टूर कंपनीचं नाव आणि क्यूआर स्कॅन केल्यावर भलत्याच कोणाचं तरी वैयक्तिक नाव आलं, विचारलं तर म्हणे मालकाच्या भावाचं अकाउंट आहे. आणि गाडीला पांढरी पाटी. भाड्याच्या टॅक्सीला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतात, रेंट अ कॅबला काळ्या पाटीवर पिवळी. पांढऱ्या पाटीची गाडी म्हणजे खासगी, ती भाड्याने चालवायला परवानगीच नाही.

नव्या झुआरी पुलावरून ओल्ड गोव्याला आलो. व्हाइसरॉय आर्चच्या खाली फेरीचा धक्का आहे, तिथे त्याने गाडी थांबवली आणि म्हणाला गाडी पलीकडे नेत नाही, गाइड तिकडे उभा आहे, बॅगा डिकीत ठेवा, उन्हात कशाला ओझं घेऊन फिरता. बॅगांमध्ये आमचे लॅपटॉप, फील्ड नोट्स आणि दोघांचे शोअर पास, म्हणजे बंदरातून आत-बाहेर करायचे पास होते. मग म्हणे बेटाचं परमिट काढावं लागतं, माणशी अडीचशे, कॅश. गाडीतल्या कप्प्यातून छापील पावत्यांचं पुस्तक काढलं, फाडफाड सहा फाडल्या, प्रत्येकीवर गोल जांभळा शिक्का मारला. शाई ओली होती, माझ्या बोटाला लागली. पावतीवर कुठल्याही खात्याचं नाव नाही, नुसतंच ‘आयलंड एंट्री परमिट’, आणि सहाही पावत्यांवर नंबर एकच.

परमिट ही गोष्ट खरी वाटते त्याला कारण आहे. शेजारच्या चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, तिथे वनखात्याचं खरंखुरं तिकीट असतं. दिवाडीला असलं काही नाही, ते लोकांच्या राहत्या घरांचं, शेतांचं, वाड्यांचं बेट आहे.

फेरीत चढल्यावर कोणी तिकीट मागायला आलंच नाही म्हणून मैत्रिणीने शेजारच्या काकींना विचारलं, त्या बाजाराच्या पिशव्या घेऊन घरी चालल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘अगं बाय, चालत जाणाऱ्याला कसलं तिकीट? फेरी सरकारची. आम्ही जन्मभर अशाच जातोय.’ पावती दाखवली तर त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, हे असलं आमच्या गावाचं काही नाही, कोणी दिलं तुम्हाला. नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटीत पायी प्रवाशाला भाडं नाही, चारचाकी चढवली तर तिचं लागतं. म्हणजे ‘बोटीचं तिकीट’ आणि ‘परमिट’ या दोन्ही गोष्टी हवेतल्याच.

पलीकडे गाइड नव्हता. त्या बॅजवाल्याचा फोन बंद. आणि मंदिराचं तर ऐकून इतका संताप आला की सांगता येत नाही. सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचं दैवत, मूळ मंदिर दिवाडीवर होतं हे खरं, पण पोर्तुगीजांनी ते पाडलं, लिंग नदीपलीकडे डिचोली तालुक्यात नार्व्याला नेलं गेलं आणि शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केला तो तिथल्या मंदिराचा. दिवाडीवर ते मंदिर नाहीच. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला फेरी जाते, पण आमच्या पॅकेजमध्ये तिकडे जाण्याची काही सोयच नव्हती. मराठी मुलं दिसली की महाराजांचं नाव घ्यायचं आणि गिऱ्हाईक पटवायचं, ही मला सगळ्यात हलकट गोष्ट वाटते, पैशांपेक्षाही.

काकींनी त्यांच्या पुतण्याला सांगून आम्हाला थोडं शेत दाखवलं, एक मानस बघितली, कोरगुट नावाचा खाऱ्या जमिनीत येणारा भात इथे लावतात हे त्याने सांगितलं. त्याने एक रुपया घेतला नाही, घरी नेऊन सोलकढी पाजली. गोव्याच्या लोकांबद्दल माझी काहीही तक्रार नाही हे स्पष्ट लिहिते.

खरी लूट परतताना झाली. तीनच्या सुमारास इकडच्या धक्क्यावर आलो तर तोच बॅजवाला गाडीला टेकून उभा. उरलेले पाच हजार चारशे द्यायचे ठरले होते, तो म्हणाला दहा हजार. वेटिंग, पार्किंग, पोर्ट एंट्री, जेवणाचा कट, काय वाट्टेल ते. जेवण मिळालंच नाही म्हटलं तर म्हणे ते गाइडला विचारा. डिकी लॉक. आमच्यातला एकजण म्हणाला, पोलिसांना फोन करतो. त्यावर तो अजिबात चिडला नाही, शांतपणे म्हणाला, ‘करा की. पोलीस येणार, जबाब होणार, साडेपाच वाजणार. जहाज थांबणार आहे का तुमच्यासाठी?’

ही त्याची सगळी युक्ती आहे आणि म्हणूनच तो जहाजवाल्यांना धरतो. विमानाने किंवा रेल्वेने आलेला पर्यटक भांडत बसू शकतो, हॉटेलवर राहू शकतो, दुसऱ्या दिवशी चौकीत जाऊ शकतो. जहाजावरच्या माणसाची वेळ पक्की असते, जहाज बंदराबाहेर काढणारा पायलट बुक झालेला असतो, जहाज सुटलं की तुम्ही शोअर पास हातात घेऊन धक्क्यावर आणि सामान कोचीला. सकाळी तो स्वस्तात बोलतो कारण त्याला माहीत असतं की संध्याकाळी तुमच्याकडे घासाघीस करायला वेळच नसणार.

शेवटी नऊ हजारांवर आला, दिले. पोर्टच्या गेटपर्यंत सोडलंही नाही, वास्को मार्केटजवळ उतरवून गेला, कारण गेटवर सीआयएसएफचे जवान असतात आणि त्यांच्यासमोर त्याला ही वसुली झालेली पोरं उतरवायची नव्हती असं मला वाटतं. तिथून पायलट केले, म्हणजे गोव्यातली मोटरसायकल टॅक्सी, पिवळ्या-काळ्या रंगाची. त्यांनी आधी भाडं सांगितलं आणि तेवढंच घेतलं.

आता ज्यांना जायचंय त्यांनी असं करा. वास्कोहून पणजीला कदंबची, म्हणजे गोव्याच्या एसटीची शटल बस आहे, पणजीहून ओल्ड गोव्याच्या बसेस सतत असतात, तिथून फेरी फुकट, माणशी जाऊन-येऊन दोनशेच्या आत होतं. टॅक्सीच पाहिजे असेल तर पिवळी पाटी बघून करा नाहीतर गोवामाइल्स अ‍ॅपवरून, आणि काहीही झालं तरी बॅग गाडीत ठेवून खाली उतरू नका, शोअर पास खिशातच ठेवा. निघायची वेळ कोणी विचारली तर खऱ्या वेळेच्या दोन तास आधीची सांगा. गाइड म्हणवणाऱ्याकडे पर्यटन खात्याची नोंदणी मागा, गोव्यात 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली गाइड आणि ट्रॅव्हल एजंटला ती करावीच लागते. आणि पैसे मागून अडवलं तर 112 ला फोन लावाच, स्पीकरवर, त्याच्यासमोर, गाडीचा नंबर मोठ्याने वाचून. तो जबाबाची भीती घालतो तेव्हा त्यालाही तिथे थांबायचं नसतंच.

क्यूआरवर दिलेल्या पैशांची तक्रार आम्ही बोर्डवर पोचल्या पोचल्या 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केली. जहाज बाहेर पडलं की काही तासांत रेंज जाते, मग कोचीपर्यंत काही करता येत नाही, म्हणून बंदरातच करून टाका, ट्रान्झॅक्शन आयडी हाताशी ठेवून. आमच्या तक्रारीवर अजून काही झालेलं नाही. गाडीच्या पाटीचा, क्यूआरचा आणि त्या पावत्यांचा फोटो आम्ही तक्रारीला जोडलाय. तुमच्याकडे असली जांभळ्या शिक्क्याची पावती असेल तर फेकू नका, तुमचीही तक्रार टाका, तोच नंबर वेगवेगळ्या तारखांना सापडला तर हे एकदाच झालं असं त्याला म्हणता येणार नाही.