नैराश्याची गोळी फॅमिली डॉक्टरकडून: नागपुरात ही सेवा कितपत चांगली?

महाल असो की मानेवाडा, झोप लागत नाही, छातीत धडधडतं, कशातच मन लागत नाही, या तक्रारी आधी गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरकडेच येतात. उपचार तिथे सुरू होतात हे उत्तमच. धंतोली-रामदासपेठेतल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला घरचे लवकर तयार होत नाहीत.

गोळीची निवड बहुधा योग्य असते: एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन, ही नैराश्य-चिंतेवरची औषधं. जाणता डॉक्टर एस्सिटालोप्राम आठवडाभर ५ मिलिग्रॅम देऊन मग १० वर नेतो. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी पहिल्या दोन आठवड्यांत होते आणि गुण २ ते ४ आठवड्यांनी दिसू लागतो. ही दोन वाक्यं सांगायची राहिली, की रुग्ण पाचव्या दिवशी गोळी सोडतो.

सेवा सगळ्यात कमी पडते ती क्लोनाझेपाममध्ये, म्हणजे झोप आणणाऱ्या पण सवय लावणाऱ्या औषधात. एस्सिटालोप्रामसोबत ते एकाच गोळीत मिळतं, पहिल्याच रात्री झोप लागते आणि रुग्ण खूश होतो. मग तीच स्ट्रिप औषधाच्या दुकानातून महिनोन्‌महिने येत राहते. सवय लागल्यावर ती एकदम थांबवली तर झोप उडते, हात थरथरतात, क्वचित फिटही येते. जोडगोळीतलं एकच औषध कमी करता येत नाही. म्हणून दोन्ही वेगळी लिहून घ्या आणि क्लोनाझेपाम कधी थांबवायचं ती तारीख चिठ्ठीवर मागा. २ ते ४ आठवडे पुरे.

गोळी लिहिण्याआधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं का? पूर्वी कधी झोपेविना अतिउत्साहाचे दिवस होते का, हे विचारलं का? ते बायपोलर, म्हणजे मन कधी खोल उदास तर कधी अतिउत्साही होण्याचा आजार असेल तर नुसत्या या गोळीने उन्माद उसळू शकतो. बीपीसाठी लघवीची गोळी घेणाऱ्या वृद्धांचं रक्तातलं सोडियम नैराश्याच्या या गोळीने उतरू शकतं, आणि मेच्या उन्हातली सुस्ती समजून ते सहज दुर्लक्षिलं जातं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो; ट्रॅमाडॉल असेल तर डॉक्टरला आवर्जून सांगा.

जगावंसं वाटतं का, हा प्रश्न थेट विचारणारा डॉक्टर सोडू नका. पंचविशीच्या आतल्यांना तर आठवड्याभरातच परत बोलवायला हवं. मरणाचे विचार असतील तर वाट न पाहता नागपुरातली मेडिकल कॉलेज किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा प्रादेशिक मनोरुग्णालय गाठा; टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास चालू असतं.

बरं वाटल्यावरही गोळी किमान ६ महिने चालू ठेवावी लागते. थांबवताना १० वरून ५, मग काही आठवड्यांनी बंद. चक्कर किंवा डोक्यात विजेसारखे झटके आले, तर डॉक्टरला विचारून मागच्या डोसवर जायचं आणि आणखी सावकाश उतरायचं.