जोशी-अभ्यंकर खटला, बांधीव खंडांतून

जोशी-अभ्यंकर खून खटला सांगोवांगी न ऐकता त्या वेळच्या बातम्यांतून वाचावा, या हेतूने पुण्यातील एका जुन्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात मी तीन दिवस बसलो. दैनिकांचे बांधीव खंड वाचायला देण्याच्या तेथील सेवेविषयी हा अभिप्राय आहे.

मागणीची चिठ्ठी दिल्यावर अर्ध्या तासात खंड टेबलावर येतो. कागदाच्या कडा बोट लागताच भुगा होतात, म्हणून शिपाईदादा स्वतः जाड कापड अंथरून त्यावर खंड उघडून देतात आणि पान वरच्या कोपऱ्यातून कसे उलटावे हेही दाखवतात. ही आस्था मला फार मोलाची वाटली.

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा जणांचा जीव घेणारे राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह हे टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. पहिला बळी त्यांच्याच ओळखीतला होता. पुढे जोशी कुटुंबातील तिघे आणि त्यानंतर भांडारकर रस्त्यावरील बंगल्यात संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे वृद्ध काशीनाथशास्त्री अभ्यंकर घरच्यांसह मारले गेले. शेवटच्या खुनातला मृतदेह नदीत वर आला आणि मार्च १९७७ च्या अखेरीस चौघे पकडले गेले, तेव्हा दिल्लीत नुकतेच मोरारजींचे सरकार आले होते. आजच्या लेखांत गळा आवळायला वापरलेल्या नायलॉनच्या दोरीचे वर्णन रंगवलेले असते आणि खटला दोन ओळींत आटोपतो. खंडांत मात्र मे १९७८ मध्ये सुरू झालेले कामकाज चार महिन्यांहून अधिक काळ चालताना दिसते. त्यांचाच एक सहाध्यायी माफीचा साक्षीदार, म्हणजे गुन्ह्यात सामील असूनही माफीच्या बदल्यात साक्ष देणारा, झाला होता, आणि अशा साक्षीला स्वतंत्र पुराव्याची जोड का लागते, हे मला येथे बसूनच नीट उमगले.

उणिवाही सांगायला हव्यात. शिवण इतकी आत घेतली आहे की आतल्या बाजूचा स्तंभ अर्धा गिळला जातो. २८ सप्टेंबर १९७८ रोजी फाशीची शिक्षा सुनावली गेली. दुसऱ्या दिवशीच्या अंकातले छायाचित्र कोणा वाचकाने पात्याने कापून नेले आहे, त्यामुळे मागच्या पानावरील मजकुरालाही चौकोनी भोक पडले आहे. असा खंड देण्यापूर्वी निदान तशी नोंद करून ठेवायला काय हरकत आहे? मोबाइलने छायाचित्र घेऊ देत नाहीत, आणि झेरॉक्ससाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

विषयवार सूची नाही आणि दिवसाला दोनच खंड मिळतात, म्हणून तारखा घरूनच लिहून न्याव्यात. उच्च न्यायालयाच्या निकालासाठी एप्रिल १९७९, सर्वोच्च न्यायालयासाठी नोव्हेंबर १९८० आणि येरवड्यातील फाशीसाठी नोव्हेंबर १९८३ चा खंड मागावा. यातला शेवटचा मला बांधणीला गेल्यामुळे मिळाला नाही.