जळगावातलं जुन्या पुस्तकांचं दुकान: चार तारे, पाचवा राखून

केळीची गाडी भरून दिली आणि जळगावात दोन तास मोकळे मिळाले, म्हणून या दुकानात शिरलो. ढिगाऱ्यातून थॉमस कोक या इंग्रज जमीनदाराचं चरित्र निघालं. कव्हर गायब, पाठ फाटलेली, किंमत १५० रुपये. दुकानदार म्हणाला, "भाऊ, शिवून देतो, वरचे ८० द्या."

शिवण झकास. खाकी कापडाची पाठ, जाड दोरा, पुस्तक सपाट उघडतं. खळीचा वास तेवढा आठवडाभर गेला नाही. तक्रार एकच, पण मोठी. पानं मागेपुढे शिवलीत. त्यामुळे कोकसाहेब १८३२ मध्ये खासदारकी सोडतात आणि पुढच्या पानावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याची बाजू घेतात!

माणूस मात्र भारी. जन्म १७५४. नॉरफोकमधली होल्कमची इस्टेट १७७६ मध्ये हाती आली, त्याच वर्षी पार्लमेंटात. गहू, सलगम, जव, क्लोव्हर (चाऱ्याचं पीक) ही पिकांची फेरपालट त्यानं शोधली नव्हती. पण कुळांना लांब मुदतीचे करार दिले, म्हणून त्यांनीही जमिनीत पैसा घातला. मेंढ्यांच्या कातरणीला तर लांबलांबचे शेतकरी जमायचे. १८३७ मध्ये अर्ल, म्हणजे मोठा उमराव, झाला. आमच्याकडे केळीनंतर हरभरा घेऊ म्हटलं, तर पोरगा मोबाइलमधून मान वर काढत नाही.

दुकानात यूपीआय चालत नाही, सुटे घेऊन जा. आणि शिवलेलं पुस्तक तिथंच पानं मोजून घ्या.