बुलेट ट्राइकची घरी केलेली ट्रॉली : दहा महिन्यांचा वापर, आणि ब्रेकबद्दल बरंच काही

गेल्या महिन्यात एका सकाळी गॅरेजातून लोखंड फरशीवर आपटल्याचा आवाज आला. मी दात घासत होतो, तसाच धावलो. दादा एका हाताने हँडलला लोंबकळत होता. एक कुबडी खाली पडलेली, पायाचं कॅलिपर फरशीवर आडवं घसरलेलं. त्याची ट्राइक, म्हणजे मागे दोन चाकं असलेली तीनचाकी बुलेट, मात्र ती वळवायला आम्ही केलेल्या चाकांच्या ट्रॉलीवर, आणि ट्रॉलीचे दोन्ही ब्रेक लावलेले. ब्रेक लावलेले असूनही गाडी दादाच्या पाठीमागून तीन इंच सरकली होती. त्याला लागलं नाही, पण पुढचा अर्धा तास माझे हात थरथरत होते. हा अनुभव लिहायला बसलो तो त्या तीन इंचांमुळे.

ज्यांच्या घरी ट्राइक आहे त्यांना अडचण ठाऊक आहेच. साधी मोटरसायकल साइड स्टँडवर कलंडवून जागेवर गर्रकन फिरवता येते. ट्राइक कलत नाही, मागचा अ‍ॅक्सल सव्वाचार फूट रुंद, रिव्हर्स गिअर नाही. आमचं बडोद्यात मांजलपूरला टेनामेंट, म्हणजे अंगणवालं घर आहे, गॅरेज दहा बाय सोळा, त्यात एक अ‍ॅक्टिव्हाही असते. दादा सरळ आत यायचा आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी ती गाडी मागे ढकलत रस्त्यापर्यंत न्यायची. 'कोणीतरी' म्हणजे मी, माझी बायको किंवा मुलगी. दादाला लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर आणि कुबड्यांवर त्याने आयुष्यभर नोकरी केली, कधी कोणाकडे काही मागितलं नाही. सकाळी सहाला 'अरे, जरा गाडी काढून दे' म्हणणं त्याला किती जड जात असे, ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. त्याच्या जुन्या लायसन्सवर 'इनव्हॅलिड कॅरेज' (अपंगाची गाडी) असा शब्द होता. २०१९ च्या दुरुस्तीत कायद्याने तो काढून 'अडॅप्टेड व्हेइकल' केलं, तेव्हा तो फार खूश झाला होता. शब्द बदलला, पण गाडी ढकलायला माणूस लागायचाच.

निमित्त झालं २०२४ च्या ऑगस्टमधल्या विश्वामित्रीच्या पुराचं. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी आलं आणि ती गाडी वळवून उंचावर न्यायला चौघं लागले. मागच्या बेअरिंगात पाणी शिरलं ते शिरलंच. दिवाळीनंतर मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात जाऊन बसलो.

बाजारात तयार ट्रॉल्या मिळतात, पण त्या दोन चाकांच्या गाडीच्या. एक लांब पन्हळ आणि खाली कॅस्टर, म्हणजे सगळीकडे वळणारी छोटी चाकं. ट्राइकला त्यांचा उपयोग नाही. आम्ही इंग्रजी टी अक्षरासारखी फ्रेम केली : मागे आडवी, तिच्या दोन टोकांना चाकं बसतील असे दोन तबकडे, मधून पुढे एक दांडा, आणि त्याच्या टोकाला पुढच्या चाकासाठी पन्हळ. तबकडे कॅस्टरच्या वर ठेवले तर गाडी वीतभर उंच चढवावी लागते. म्हणून कॅस्टर बाजूला काढलेल्या लोखंडी हातांवर बसवले आणि तबकडे खाली लोंबते ठेवले. फरशीपासून जेमतेम दोन सेंटिमीटर. दादा पहिल्या गिअरमध्ये सरळ वर चढतो, चाकं खाचेत बसतात, तो उतरतो, आणि आख्खी गाडी जागच्या जागी अर्धं वर्तुळ फिरवायची. सकाळी तोंड रस्त्याकडे. मुलीने फरशीवर पिवळी रेघ मारून दिली, पुढचं चाक त्या रेघेवर आणलं की मागची दोन आपोआप तबकड्यांत.

मधल्या दांड्यावरून मिस्त्रीशी माझं वाजलं होतं. मला चौकोनी पाइप हवा होता, दिसायला नीट आणि मजबूत. मिस्त्री म्हणाला, अँगलच टाका, थोडं पिळ खायला पाहिजे. मला वाटलं लोखंड वाचवतोय. पहिले दोन महिने मी त्या अँगलकडे रागानेच बघत होतो, कारण ट्रॉली फिरवताना तो डोळ्यांना दिसेल इतका पिळतो. पण कोटा स्टोनची फरशी कधीच एका पातळीत नसते. बंद पाइप पिळत नाही, त्यामुळे एखादं कॅस्टर अधांतरी राहतं आणि त्याचा भार शेजारच्यावर पडतो. उघडा अँगल तेवढा वळतो आणि सहाही चाकं जमिनीला टेकून राहतात. मिस्त्री बरोबर होता. मी त्याला तसं जाऊन सांगितलंही.

आता कॅस्टर. इथे मी पैसे वाचवायला गेलो आणि ते पुरते वाया गेले.

पहिले सहा कॅस्टर दोन इंची नायलॉनचे घेतले, १४० रुपयाला एक. प्रत्येकावर ५० किलोचा छाप. भंगारवाल्याच्या काट्यावर गाडी आधीच तोलली होती : पुढचं चाक ९४ किलो, मागची दोन मिळून १९७, म्हणजे २९१. फ्रेम ३४ किलो. एकूण ३२५. सहा गुणिले पन्नास तीनशे. थोडंच कमी पडतंय, चालून जाईल असं मी धरलं. हा हिशेब चुकीचा होता. सहा कॅस्टर आहेत म्हणून सहाने भागायचं नसतं. फिरवताना, सांध्यावरून जाताना, कुठल्याही क्षणी खरा भार तीन-चारच चाकांवर असतो. चाराने भागा, म्हणजे प्रत्येकी ऐंशी किलोच्या पुढे येतं. त्यात दोन इंचाचं चाक फरशीच्या प्रत्येक सांध्यात अडकायचं. नायलॉन सपाट जागेवर छान पळतं, पण सांधा आला की थांबलंच, मग धक्का द्या, मग पुढचा सांधा.

जानेवारीत एके संध्याकाळी मी ट्रॉली वळवत होतो. कडकन आवाज झाला, मागचा उजवा कोपरा बसला, आणि पोलादी छर्रे फरशीभर टणटणत पळाले. मी टॉर्च घेऊन अ‍ॅक्टिव्हाखालून एकेक गोळा केले, अठरा सापडले. मधला रिव्हेट सैल होऊन वरची वाटी उघडली होती. दुकानदाराकडे नेलं तर तो म्हणाला, रस्त्यावर चालवलं असणार. मी फोटो दाखवले, फरशी दाखवली, अडीच महिनेही झाले नाहीत हे बिल दाखवलं. काही उपयोग झाला नाही. पन्नास किलोचा छाप कोणी मारला आणि कशावर मोजून मारला, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. त्यावर एक माणूस बसणार होता, हे त्याला सांगून मी बाहेर आलो. ते ८४० रुपये मला अजून बोचतात.

दुसरा संच दुसरीकडून घेतला : चार इंची पीयूचे (पॉलियुरेथेन, रबरासारखं प्लास्टिक), बॉल बेअरिंगवाले, प्रत्येकी १०० किलोचे, ५२० रुपयाला एक. सहापैकी मागचे दोन ब्रेकचे. ट्रॉली एकदम वेगळीच झाली. सांध्यावरून जाताना नुसतं 'टुक' होतं. माझी बायको एका हाताने फिरवायला लागली. भिंतीत एक कडी ठोकली, तिच्यातून नायलॉनचा पट्टा ओवून ट्रॉलीच्या शेपटाला बांधला, आणि दादा खुर्चीत बसून तो पट्टा ओढत गाडी स्वतः वळवू लागला. पहिल्यांदा जमलं त्या दिवशी त्याने दोन पूर्ण चकरा मारल्या, उगाच. मी दारात उभा होतो आणि काही बोललो नाही.

फेब्रुवारी ते जुलै मी या ट्रॉलीचं कौतुक करत फिरलो. देखभाल किरकोळ आहे. दोन महिन्यांनी फिरकीत, म्हणजे कॅस्टर ज्यावर वळतं त्या वरच्या भागात, थोडं ग्रीस. बारा दिवस गावाला गेलो होतो तेव्हा गाडी एकाच जागी उभी राहून पीयूची चाकं खालून जराशी चपटी झाली, ती दिवसभर फिरवल्यावर आपोआप गोल झाली. एकच त्रास बडोद्याचा म्हणावा असा : उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतर, गच्चीवरून आलेला मांजा आठवडाभर अंगणात असतो, आणि तो बरोब्बर कॅस्टरच्या अ‍ॅक्सलवर गुंडाळला जातो. नवे बसवून आठ दिवसही झाले नव्हते, एक चाक फिरेना. उलटं करून पाहिलं तर चाक आणि फोर्क यांच्या फटीत गुलाबी मांजा इतका घट्ट भरला होता की ब्लेडने कापून चिमट्याने उपसावा लागला. तेव्हापासून उत्तरायणाचे चार दिवस ट्रॉलीभोवती झाडून घ्यायचं, हा घरात नियम आहे.

आणि मग ती सकाळ. तोवर दादा गाडीवर बसताना मी शेजारी उभा राहून फ्रेमवर पाय ठेवत असे. जुलैपासून दादा म्हणाला, तू झोप, मी बघतो.

तो गाडीवर कसा बसतो ते सांगायला हवं. कुबड्या टेकून उभा राहतो, सीटला पाठ लावतो, मग हातांच्या जोरावर मागे सरकतो. म्हणजे गाडीला तो सगळ्या अंगाने मागे रेटतो. आमच्या गॅरेजला पाणी जावं म्हणून गेटकडे ढाळ आहे, सोळा फुटांत तीन इंच. ३२५ किलोला त्या ढाळावर जवळजवळ पाच किलोचा ओढा असतो. जुनी रद्दी चाकं सांध्यात अडकून का होईना, गाडी धरून ठेवत होती. नवी चाकं इतकी चांगली की नुसता हात लागला तरी गाडी सरकते. म्हणजे चाक जितकं चांगलं तितकी ब्रेकवरची जबाबदारी मोठी, आणि मी ब्रेककडे पाहिलंच नव्हतं.

त्या दिवशी मी गॅरेजात पालथा पडून तो कॅस्टर पाहिला. ब्रेकची पट्टी दाबली की चाक थांबतं, हे खरं. पण चाक फिरकीच्या बरोबर खाली नसतं, दीड इंच मागे असतं, म्हणून तर कॅस्टर वळतं. चाक थांबलं तरी वरची फिरकी मोकळीच. त्यामुळे फ्रेम त्या थांबलेल्या चाकाभोवती झोका घेते. दीड इंच इकडे, दीड इंच तिकडे, मिळून तीन इंच. दोन्ही चाकं जाम आणि गाडी तरीही हलते. मी हाताने ढकलून पाहिली, वीस वेळा तरी. प्रत्येक वेळी तीच सरक.

दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "साहेब, ब्रेकवाळुं एटले आ ज." त्यांचं खरं आहे, बाजारात ब्रेकवालं म्हटलं की हेच देतात. पण ज्याच्यावर माणूस अंग टाकणार आहे त्याला हा ब्रेक पुरत नाही, आणि हे कुठे लिहिलेलं नसतं, कोणी सांगत नाही. याचा मला मनापासून राग आहे.

उत्तर सापडलं ते आई दवाखान्यात होती तेव्हाच्या आठवणीतून. तिथला पलंग ढकलत नेताना पाण्यासारखा जायचा, आणि नर्सने पायाने पेडल दाबलं की खिळा ठोकल्यासारखा उभा. त्या पलंगांना वेगळे कॅस्टर असतात. एकाच पेडलने चाक आणि फिरकी दोन्ही जाम होतात, बाजारात त्याला 'टोटल लॉक' म्हणतात. हॉस्पिटल फर्निचर करणाऱ्या एका गाळ्यातून चार इंची दोन मिळाले, ७८० रुपयाला एक. उंची चार मिलिमीटर कमी भरली, म्हणून वर पट्टीची पॅकिंग दिली. बसवल्यावर मी स्वतः दादासारखा सीटला पाठ लावून पूर्ण जोराने रेटून पाहिलं. हलली नाही.

घेताना दुकानातच तपासा. कॅस्टर जमिनीवर ठेवा, लॉक दाबा, वरची प्लेट दोन्ही हातांत धरून पिळा. प्लेट फिरली तर तो नुसता चाकाचा ब्रेक आहे, परत ठेवा. दहा सेकंदाचं काम आहे.

याच लॉकने आणखी एक गोष्ट सुटली. दादा ट्रॉलीवरून निघताना क्लच सोडला की मागची चाकं ट्रॉलीला उलट मागे फेकायची. आम्ही मागे लाकडी ठोकळा लावत होतो. आता ठोकळा ठेवला आहे, पण तो लागत नाही.

खर्च विचाराल तर लोखंड २३०० च्या आसपास, मजुरी १८००, कॅस्टर तिन्ही वेळचे मिळून ५५२०. पहिल्याच दिवशी चार पीयू आणि दोन टोटल लॉक घेतले असते तर कॅस्टरचे ३६४० झाले असते. म्हणजे १८८० रुपये माझ्या काटकसरीने खाल्ले. तरीही एवढ्या पैशात मला दुसरी कुठलीही वस्तू आठवत नाही जिने घरातल्या माणसाची सकाळ अशी बदलली.

उणीव एकच राहिली होती. टोटल लॉकचं पेडल कडक आहे, दादाच्या पायात तो जोर नाही. तो कुबडीच्या टोकाने दाबायचा आणि रबरी बूच घसरायचं. परवा मिस्त्रीने दोन्ही पेडलांवर वीतभर पाइप वेल्ड करून दिला आणि टोकाला कुबडी बसेल अशी वाटी केली. आज रविवार. पहाटे खालून पट्टा ओढल्याची घरघर ऐकू आली, मग थोडी शांतता. मग एकदा 'टक्', आणि दुसऱ्यांदा 'टक्'. दोन मोजले आणि मी कूस बदलली. बुलेट सुरू झाली, गेटची कडी वाजली. साडेआठला दादा शेव-उसळीचं पार्सल हँडलला लटकवून परत आला.