डीएसएचबीची प्रतिपिंडे : फळमाशीच्या ऊतींमध्ये पेशींची दिशा शोधणाऱ्यांसाठी एक परीक्षण

फळमाशीच्या विकासात पेशी एकमेकींना संकेत कसे देतात आणि प्रत्येक पेशीला आपली वरची बाजू कोणती व खालची कोणती हे कसे कळते, या प्रश्नांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये आयोवा विद्यापीठातील डेव्हलपमेंटल स्टडीज हायब्रिडोमा बँकेची, म्हणजेच डीएसएचबीची, एखादी तरी कुपी बहुधा सापडतेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये सुरू झालेली ही बँक आज ना-नफा तत्त्वावर, स्वतःच्या विक्रीतून खर्च भागवून चालते. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये हायब्रिडोमाचे, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड बनवणारी पेशी सतत वाढणाऱ्या कर्कपेशीशी जोडून तेच प्रतिपिंड अखंड मिळवण्याचे, तंत्र जाहीर केले, तेव्हा त्याचे पेटंट घेतले गेले नाही. निरनिराळ्या प्रयोगशाळांनी आपापल्या पेशीरेषा बँकेकडे सोपवल्या आणि त्यांपासून मिळणारी प्रतिपिंडे कोणालाही माफक दरात घेता येऊ लागली, ही व्यवस्था त्याच मोकळेपणाला साजेशी आहे. हे परीक्षण मात्र ध्रुवता (पेशीच्या बाजूंमधला भेद) आणि संकेतन यांच्या अभ्यासात नेहमी लागणाऱ्या मोजक्या क्लोनांपुरतेच, म्हणजे एकेका पेशीरेषेपासून मिळणाऱ्या प्रतिपिंडांपुरतेच, आहे. माझे मत आधीच सांगतो : प्रथिन कोठे आहे हे पाहण्यासाठी पहिली पसंती यांनाच द्यावी, परंतु विकत घेणाऱ्याला वाटते त्यापेक्षा अरुंद प्रश्नाचे उत्तर प्रत्येक क्लोन देतो, आणि तो प्रश्न कोणता हे कुपीवर लिहिलेले नसते.

सर्वांत आधी मागवावे असे प्रतिपिंड म्हणजे डीकॅड२. ते माशीच्या ई-कॅडहेरिनला, म्हणजे पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणाऱ्या प्रथिनाला ओळखते, आणि त्याने रंगवलेल्या अळीच्या पंखाच्या डिस्कमध्ये, म्हणजे पुढे पंख बनणाऱ्या पेशींच्या थरात, प्रत्येक पेशीची बाह्यरेषा इतकी स्वच्छ उमटते की पेशींचे आकार मोजण्यासाठी वेगळे काही लागत नाही. याचा दुसरा मोठा गुण असा की ते उंदरापासून (माऊस) नव्हे, तर रॅटपासून मिळवलेले आहे. बँकेतील माशीविषयक बहुतेक क्लोन उंदराचे असल्यामुळे डीकॅड२ त्यांच्या जोडीने एकाच ऊतीत वापरता येते : क्रम्ब्स या प्रथिनासाठी सीक्यू४ किंवा डिस्क्स लार्ज या प्रथिनासाठी ४एफ३ घ्यावे आणि उभ्या छेदात पाहावे, म्हणजे वर क्रम्ब्स, त्याखाली ई-कॅडहेरिनचा पट्टा आणि त्याच्याही खाली सेप्टेट जंक्शन या सांध्यापाशी डिस्क्स लार्ज, अशी पेशीची उभी मांडणी नजरेसमोर येते. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. उंदीर आणि रॅट यांची प्रतिपिंडे एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की साधे दुय्यम प्रतिपिंड (पहिल्या प्रतिपिंडाला चिकटून त्याची जागा रंगाने दाखवणारे) दोघांनाही चिकटते; त्यामुळे दुसऱ्या प्रजातीविरुद्ध शोषून शुद्ध केलेले दुय्यम प्रतिपिंड घेतले नाही, तर दोन प्रथिने एकाच जागी असल्याचा खोटा पुरावा फार सुंदर दिसतो.

पेशीथराच्या प्रतलातील, म्हणजे पृष्ठभागाला समांतर असलेल्या ध्रुवतेसाठी फ्लेमिंगो या प्रथिनाचे ७४ क्रमांकाचे प्रतिपिंड आहे, आणि या यादीतील सर्वांत अधिक शिकवणारे, तसेच सर्वांत अधिक फसवणारेही तेच. माशीच्या पंखावरील प्रत्येक पेशी साधारणपणे एकच केस उगवते आणि तो पंखाच्या टोकाकडे झुकतो. केस उगवण्याआधी, कोषावस्था सुरू झाल्यापासून सुमारे तीस तासांनी, फ्रिझल्ड आणि डिशेव्हल्ड ही प्रथिने पेशीच्या टोकाकडील कडेला, तर व्हॅन गॉग आणि प्रिकल ही बुडाकडील कडेला जमतात. फ्लेमिंगो मात्र दोन्ही कडांना असते, कारण एका पेशीवरील फ्लेमिंगो शेजारणीवरील फ्लेमिंगोशी हात मिळवते. त्या वेळच्या पंखात ७४ ने उमटणारी नागमोडी रेषा पाहून ध्रुवता प्रस्थापित झाली आहे की नाही हे लगेच कळते. पण दोन लगतच्या पेशीपटलांमधले अंतर साध्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाला दिसत नसल्यामुळे प्रथिन कोणत्या पेशीच्या कोणत्या बाजूला आहे हे त्या रेषेतून कधीच ठरवता येत नाही. त्यासाठी खूण लावलेले प्रथिन ऊतीच्या काही भागातच व्यक्त करून त्या भागाच्या सीमेवर पाहावे लागते. शिवाय फ्लेमिंगो नसलेल्या उत्परिवर्ती पेशींचा गट तयार केला, तर त्या गटाला लागून असलेल्या निरोगी पेशींचीही ती कड फिकी पडते, कारण त्यांना जोडीदार उरत नाही. अशा गटाची सीमा वेगळ्या रंगाने स्वतंत्रपणे दाखवली नाही, तर तो प्रत्यक्षापेक्षा मोठा वाटतो.

संकेतनाच्या बाजूला आर्माडिलोचे एन२ ७ए१ प्रतिपिंड घेताना हे ध्यानात ठेवावे की हेच प्रथिन दोन नोकऱ्या करते : पेशींच्या सांध्यावर कॅडहेरिनला आधार देते आणि विंगलेस या प्रथिनाचा संकेत पोहोचल्यावर केंद्रकात जाऊन जनुके चालू करण्यास मदत करते. प्रतिपिंडाला हा भेद कळत नाही, म्हणून तो स्थिरीकरणाच्या, म्हणजे ऊती आहे त्या अवस्थेत टिकवण्याच्या, पद्धतीने करावा लागतो. भ्रूणांना उष्णतेने स्थिर केल्यास सांध्यांवरचे आर्माडिलो ठसठशीत राहते आणि पेशीद्रवातले बरेचसे निघून जाते. विंगलेसमुळे साचणारे पट्टे पाहायचे असतील, तर फॉर्माल्डिहाइडचाच मार्ग धरावा. स्वतः विंगलेसचे ४डी४ हे प्रतिपिंडही असेच आहे. नेहमीच्या पद्धतीने डिटर्जंट वापरून रंगवल्यास मुख्यतः ते तयार करणाऱ्या पेशींमधला साठा आणि शेजारच्या पेशींमधले ठिपके दिसतात. बाहेर पसरलेला भाग हवा असेल, तर जिवंत डिस्क बर्फावर ठेवून प्रतिपिंड आधी द्यावे आणि स्थिरीकरण नंतर करावे. उत्पादन तेच, पण दोन पद्धतींची चित्रे इतकी वेगळी येतात की कोणती वापरली हे न सांगता दिलेल्या छायाचित्राला फारसा अर्थ उरत नाही. नॉच या संकेत घेणाऱ्या ग्राही प्रथिनासाठी आतल्या भागाचे सी१७.९सी६ आणि बाहेरच्या भागाचे सी४५८.२एच अशी जोडी मिळते. ती ग्राही पेशीत कसा ओढला जातो हे पाहण्यासाठी उत्तम आहे. मात्र संकेत मिळाल्यावर केंद्रकात गेलेला नॉच तिने दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण सामान्य ऊतीत त्याचे प्रमाण फारच अल्प असते.

पुरवठ्याबद्दल थोडक्यात. बहुतेक क्लोन सुपरनेटंटच्या, म्हणजे पेशी वाढवलेल्या माध्यमाच्या वरच्या द्रवाच्या, रूपात येतात. त्यातील प्रतिपिंडाचे प्रमाण प्रत्येक खेपेला तंतोतंत सारखे नसते आणि त्यात माध्यमातील इतर प्रथिनेही असतात, त्यामुळे त्याला थेट रंगद्रव्य जोडायचे असल्यास आधी शुद्धीकरण करावे लागते. शोधनिबंधांत डीकॅड२ साठी एकास वीसपासून एकास शंभरपर्यंत विरलता, म्हणजे पातळ करण्याचे प्रमाण, आढळते. ती वाचून आपले काम उरकता येत नाही, नवी कुपी आली की विरलता पुन्हा ठरवावी लागते. वारंवार गोठवणे टाळून लहान भाग करून ठेवणे इष्ट.

कॅटलॉगमध्ये ध्रुवतेची सगळी प्रथिने सापडतील असे समजू नये. एपीकेसी किंवा बझूकासारख्या प्रथिनांसाठी अनेक प्रयोगशाळा आजही एकमेकींकडून मिळणाऱ्या बहुक्लोनी सीरमवर (प्राण्याच्या रक्तातून मिळणाऱ्या अनेक प्रतिपिंडांच्या मिश्रणावर) विसंबून असतात, आणि ते सीरम संपले की संपले. हायब्रिडोमाची खरी किंमत येथे कळते. क्लोनचे नाव लिहिले की वेगवेगळ्या देशांतील दोन गट एकाच साधनाने पाहत आहेत याची खात्री राहते.

जनुकातच हरितप्रकाशी प्रथिनाची खूण घातलेल्या माश्या आता सहज मिळत असताना प्रतिपिंडे हवीतच कशाला, असा प्रश्न रास्त आहे. सांधे कसे हलतात, पेशी शेजार कशा बदलतात हे पाहायचे असेल, तर खूण घातलेली माशीच घ्यावी. स्थिर केलेल्या ऊतीत काळ थांबलेला असतो. पण खूण जोडल्याने प्रथिनाच्या वागण्यात फरक पडला का, हे तपासायला खूण नसलेल्या माशीत तेच प्रथिन पाहावे लागते आणि तेथे डीकॅड२ची कुपीच कामी येते. शिवाय तीन-चार उत्परिवर्तनांच्या गुंतागुंतीच्या संकरात आणखी एक गुणसूत्र बसवण्यापेक्षा एक रात्र प्रतिपिंडात भिजवणे कितीतरी सोपे पडते.