स्टार वॉर्स: सिनेमे पुरेत, की एकेका पात्राच्या मालिकाही बघायच्या?

भाच्याने सुट्टीत 'स्टार वॉर्स' या अंतराळातल्या महाकथेचे सगळे सिनेमे संपवले. परवा रामकुंडावरून परतताना त्याने विचारलं, "मामा, आता मालिकांसाठी सबस्क्रिप्शन घेऊ का? की नुसतं पाणी घालून आमटी वाढवलीये?"

महाकथेतून एक पात्र उचलून त्याचं आख्यान लावणं आपल्याला नवं नाही. कीर्तनकार उत्तररंगात तेच करतो. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली 'लंकादहन' काढला, तेव्हा अख्खं रामायण कुठे घेतलं होतं? त्यामुळे माझी हरकत प्रकाराला नाही. मूळ कथेने न सांगितलेलं काही त्या आख्यानात आहे का, एवढंच मी बघतो.

सिनेमाला माणसांसाठी वेळ नसतो. १९७७च्या पहिल्याच सिनेमात अल्डेरान नावाचा अख्खा ग्रह क्षणात उडवला जातो, पण तिथल्या एकाही माणसाचं घर आपण पाहिलेलं नसतं. ते घर मालिका दाखवू शकते.

'अँडोर' या मालिकेने ते दाखवलंय. फेरिक्स ग्रहावरचं कामगारांचं एक गाव. तिथे उंच मनोऱ्यावर एक माणूस चढतो, दोन हातांत दोन हातोडे घेतो आणि घण मारून दिवस सुरू झाल्याचं सांगतो. खाली भिंतीवर रांगेने कामगारांचे हातमोजे टांगलेले. लेझर तलवार नाही, ती चालवणारे जेडाय योद्धे नाहीत. मी सातपूरला पहिल्या पाळीच्या भोंग्यावर वाढलो, मला ते गाव परकं वाटलंच नाही. आकाशगंगेवर राज्य करणारं जुलमी साम्राज्य अशा गावात पाय कसा रोवतं आणि साधी माणसं कुठल्या क्षणी उलटून उभी राहतात, हे कुठल्याच सिनेमात इतक्या जवळून दिसलं नव्हतं.

याच्या शेजारी 'ओबी-वान केनोबी' ही त्याच नावाच्या जेडायची मालिका ठेवून बघ. दोन्ही २०२२च्या. दोन्हींत नायकाचा शेवट आपल्याला आधीच ठाऊक, कारण 'रोग वन' हा सिनेमा पाहिलेल्याला 'अँडोर'च्या नायकाचं, कॅसियन अँडोरचं, काय होतं ते माहीत असतं. फरक आजूबाजूच्या माणसांत आहे. कॅसियनभोवतीच्या बहुतेकांचं पुढे काय होणार, हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून जीव टांगणीला लागतो. केनोबीच्या गोष्टीत मात्र तो स्वतः, दहा वर्षांची राजकन्या लेआ आणि खलनायक डार्थ व्हेडर तिघेही जगणार हे पक्कं, कारण पुढच्या काळातल्या सिनेमांत ते आपण पाहिलेले असतात. लेआला पळवून नेलं तरी धडधड होत नाही. तरी शेवटच्या भागात व्हेडरचा मुखवटा फुटतो आणि अर्धा चेहरा उघडा पडतो, तेवढ्या प्रसंगासाठी मी ती मालिका पुन्हा बघेन. सहाच भाग आहेत, पण ऐवज एका सिनेमापुरताच आहे असं माझं मत.

'द मँडलोरियन'चा (२०१९) पहिला सीझन मात्र बिनधास्त घे. आठ भाग, अनोळखी नायक, बहुतेक भागांत एक नवं काम आणि सोबत ते हिरवं पोर. आधीचं काही पाठ असण्याची गरज नाही, घरात आजीसोबतही बघता येईल. अडचण पुढे होते. तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला ते पोर नायकाजवळ परत कसं आलं, हे कळायला 'द बुक ऑफ बोबा फेट' बघावी लागते. आणि त्या मालिकेच्या पाचव्या भागात खुद्द बोबा दिसतच नाही! ज्याच्या नावाने मालिका काढली त्यालाच जागा नाही, हे मला मनापासून खटकलं. एका मालिकेची गाठ दुसरीत मारली की प्रेक्षकाला गोष्टीसाठी नव्हे, हिशोब जुळवण्यासाठी बघावं लागतं. 'असोका'चंही (२०२३) तेच, 'रिबेल्स' ही चार सीझनची ॲनिमेशन मालिका पाहिली नसेल तर अर्धे चेहरे अनोळखी राहतात. 'द अ‍ॅकोलाइट' (२०२४) एका सीझननंतर बंद झाली, ती सध्या सोड.

भाच्याला मी एकाच महिन्याचं सबस्क्रिप्शन घ्यायला सांगितलं. आधी 'मँडलोरियन'चा पहिला सीझन, मग 'अँडोर'चे चोवीस भाग. 'अँडोर'चे सुरुवातीचे तीन भाग संथ आहेत, पण ते एकाच दिवशी प्रदर्शित झाले होते, म्हणून एकाच बैठकीत बघायचे. दुसऱ्या सीझनमध्ये दर तीन भागांनी गोष्ट एक वर्ष पुढे सरकते, तिथेही तीन-तीनच घ्यायचे. आणि शेवटचा भाग संपला की त्याच रात्री 'रोग वन' पुन्हा लावायचा. त्या रात्री मीही येणार आहे.